थांबली की बंद, घाटात दम नाही! स्पोर्ट बाईकचा बिघाड नेमका कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. घाटावरचे की घाटाखालचे?

मलकापूर, नांदुरा, मोताळा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा घाटावर. मधे अजिंठ्याच्या डोंगररांगा. मोताळ्याकडून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढावा लागतो आणि खामगावकडून यायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जात असला तरी त्यावर दुचाकीला बंदी आहे. त्यामुळे बाईकवाल्यांना घाटाचेच रस्ते.

आणि बाईकचा खरा आजार याच घाटात बाहेर येतो.

सपाट रस्त्यावर गाडी छान पळत असते. मोताळ्यात चहाला थांबताना क्लच दाबला की इंजिन गपकन बंद पडतं. तेव्हा वाटतं, होतं कधीकधी. मग घाट लागतो, पुढे ट्रक असतो, ओव्हरटेक करायला रेस दिली जाते आणि गाडी उचलतच नाही. समोरून एसटी येत असते.

इथे गाडी बिघडणं ही नुसती खर्चाची गोष्ट राहत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेल्यावर सुरू होतो अंदाजांचा खेळ. आधी प्लग बदलतो, मग कार्बोरेटर साफ होतो, मग कोणीतरी म्हणतं पंप गेला, शेवटी इंजिन काम निघतं. पैसे जातात आणि गाडी तशीच राहते.

हे टाळायचं असेल तर पाना हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो. गाडी असं नेमकं कधी करते? बिघाडाची वेळ कळली, की बहुतेक वेळा बिघाडाची जागाही कळते.

आधी समजून घेऊ, इंजिनला लागतं काय?

पेट्रोल इंजिनला चार गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल, योग्य वेळी पडणारी ठिणगी आणि सिलेंडरमध्ये धरून ठेवलेला दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन. यातली एक जरी कमी पडली तरी गाडी मिसिंग मारते, बंद पडते किंवा ओढत नाही.

गाडी उभी असताना, रेस न देता इंजिन सुरू राहतं त्याला आयडलिंग म्हणतात. बहुतेक छोट्या स्पोर्ट बाईकचा आयडल आरपीएम साधारण १,३०० ते १,६०० असतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. या वेळी इंजिनला हवा आणि पेट्रोल अगदी थोडं मिळत असतं. त्यामुळे जराशी हवा गळली किंवा बारीकसा कचरा अडकला तरी इंजिन बंद पडतं.

पूर्ण रेस दिली की उलटं होतं. तेव्हा भरपूर हवा आणि भरपूर पेट्रोल लागतं. एअर फिल्टर चोंदला असेल किंवा पेट्रोल कमी येत असेल, तर ते तेव्हाच कळतं.

म्हणून फक्त आयडलिंग बिघडलं असेल तर शोध बारीक वाटांचा घ्यायचा. फक्त ताकद गेली असेल तर मोठ्या वाटांचा. दोन्ही बिघडलं असेल तर ठिणगी, कॉम्प्रेशन किंवा खराब पेट्रोल यांच्यावर संशय घ्यायचा.

घाटावर हवा विरळ असते म्हणून गाडी ओढत नाही का?

हे कारण चौकात हमखास ऐकायला मिळतं. गणित करून बघू.

उंची वाढली की हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरमागे इंजिनची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते. मलकापूर आणि बुलढाणा यांच्या उंचीत फरक आहे जवळपास ४०० मीटरचा. म्हणजे ताकद कमी होणार फार तर ४ टक्क्यांनी. एवढा फरक चालवणाऱ्याला जाणवतही नाही.

थोडक्यात काय, तर राजूर घाटात गाडी तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर आणावी लागत असेल, तर दोष उंचीचा नाही. चढावर इंजिनवर लोड येतो आणि सपाटीवर लपलेला दोष उघडा पडतो, इतकंच.

पाना न लावता विचारायचे सहा प्रश्न

गॅरेजला जाण्याआधी मोबाईलमध्ये एवढं लिहून ठेवा.

१. त्रास थंड इंजिनला होतो, गरम झाल्यावर होतो की दोन्ही वेळा?
२. फक्त थांबल्यावर होतो की पळताना पण होतो?
३. किती आरपीएमला सुरू होतो?
४. एकदम सुरू झाला की हळूहळू वाढत गेला?
५. त्याआधी काय झालं होतं? पेट्रोल भरलं, गाडी धुतली, सर्व्हिसिंग झाली, सायलेन्सर बदलला की गाडी महिनाभर उभी होती?
६. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा अर्धं काम करून टाकतं. गाडी धुतल्यावर मिसिंग सुरू झालं तर पाणी प्लगच्या टोपीत किंवा वायरच्या जोडात गेलेलं असू शकतं. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं तर आधी निघालेला पाईप, सैल क्लॅम्प किंवा नीट न बसलेली एअर फिल्टरची पेटी बघायची.

गाडी कार्बोरेटरची आहे की एफआय?

हे माहीत असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण दोन्हींचे आजार वेगळे असतात.

२००३ मध्ये आलेली करिझ्मा कार्बोरेटरवर चालायची. पल्सर २२० ची गंमत वेगळीच आहे. २००७ मध्ये ती फ्युएल इंजेक्शन घेऊन आली आणि २००९ मध्ये कार्बोरेटरवर गेली. यामाहाची आर-१५ मात्र २००८ पासूनच फ्युएल इंजेक्शनवर आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि त्यानंतरच्या नव्या स्पोर्ट बाईक एफआयच आल्या.

कार्बोरेटर हवेच्या ओढीवर पेट्रोल खेचतो. एफआयमध्ये टाकीतला पंप दाबाने पेट्रोल पाठवतो आणि ते किती सोडायचं हे सेन्सरच्या मदतीने ईसीयू ठरवतो. म्हणून एफआयच्या गाडीत वायर आणि बॅटरीसुद्धा पेट्रोलइतकीच महत्त्वाची असते.

आता एकेक लक्षण बघू.

लक्षण १ : थांबली की बंद, पळताना ठीक

कार्बोरेटरच्या गाडीत पहिला संशयित म्हणजे आयडलिंगचा छोटा जेट. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. गाडी काही आठवडे उभी राहिली की पेट्रोल सुकतं आणि त्याचा चिकट थर तिथे बसतो.

याची सोपी खूण अशी. चोक ओढल्यावर गाडी नीट चालते आणि चोक सोडला की बंद पडते. याचा अर्थ तिला आयडलला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. जेट स्पेशल क्लीनरने साफ करायचा. त्यात तार घालायची नाही, कारण भोक मोठं झालं की जेट वाया जातो.

हवा जास्त मिळण्याचं कारण बहुधा इंजिन आणि कार्बोरेटर यांच्यामधला रबरी पाईप असतो. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने त्याला तडे जातात. अशा वेळी आरपीएम कधी वर जातो, कधी खाली येतो आणि रेस सोडल्यावर लवकर उतरत नाही. हे तपासायला काही जण चालू इंजिनवर पेट्रोल किंवा क्लीनर मारतात. गरम सायलेन्सरशेजारी हा प्रकार आग लावू शकतो, त्यामुळे घरी करू नये. पाईप वाकवून तडे बघणं आणि क्लॅम्प आवळणं एवढं मात्र घरी होतं.

एफआयच्या गाडीत हेच लक्षण दिसलं तर थ्रॉटल बॉडीत साचलेला काळा थर किंवा आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह बघायचा. सफाईनंतर काही मॉडेलमध्ये स्कॅनर लावून सेटिंग करावी लागते. म्हणून हे काम जाणकाराकडेच द्यावं.

लक्षण २ : आयडलिंग छान, पण रेस दिली की दम नाही

सगळ्यात आधी एअर फिल्टर. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते आणि शेतरस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरच्या बराच आधी चोंदतो. कागदी फिल्टर पाण्याने धुवायचा नसतो. तेल लावलेला कागदी फिल्टर असेल तर त्याला हवाही मारायची नसते. तो सरळ बदलायचा.

दुसरं, पेट्रोलचा पुरवठा. एफआयच्या गाडीची चावी ऑन केली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. तो पंपाचा आवाज. तो नेहमीपेक्षा बदलला असेल किंवा येतच नसेल, तर आधी फ्यूज आणि बॅटरी बघायची, मग पंप. आवाज येतो म्हणजे दाब पुरेसा आहे असंही नाही. दाब गेज लावूनच मोजावा लागतो. गेज न लावता पंप बदलायला सांगितलं, तर कारण विचारा.

तिसरं कारण कार्बोरेटरच्या स्पोर्ट बाईकचं. अनेक गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये वरच्या झाकणाखाली पातळ रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. हवेच्या ओढीने तो वर उचलला जातो आणि पेट्रोलची वाट मोकळी होते. त्याला चीर पडली तर आयडलिंग अगदी ठीक राहतं, पण मधल्या आरपीएमनंतर गाडी पुढे सरकत नाही. ही चीर डोळ्यांनी दिसते, झाकण उघडून बघण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात.

आणि चौथं, फ्री-फ्लो सायलेन्सर. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं. हवा-पेट्रोलचं प्रमाण न जुळवता सायलेन्सर बदलला, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. मग रेस सोडताना फटफट आवाज येतो आणि खालच्या आरपीएमला ओढ कमी होते. दंडाची पावती वेगळीच.

लक्षण ३ : आठ-दहा किलोमीटर छान, मग हळूहळू बंद

थोडं थांबलं की गाडी परत सुरू होते, पुन्हा काही किलोमीटर जाते आणि पुन्हा बंद पडते. यात एक फुकटची तपासणी आहे.

पेट्रोल संपत जातं तशी टाकीत हवा शिरावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट असते. ती धुळीने बुजली तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडल्यावर इंजिन ऑफ करून टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर चोर सापडला. झाकण साफ करा. उघडताना जवळपास सिगारेट किंवा आग नको.

लक्षण ४ : गरम झाल्यावरच त्रास

एप्रिल-मे महिन्यात घाटाखाली पारा ४० च्या वर असतो. अशा वेळी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, कूलिंग. लिक्विड कूल्ड गाडीत रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकतात, पंखा फिरत नाही किंवा कूलंट कमी असतं. काही एफआय गाड्या जास्त तापल्या की ईसीयू स्वतःहून ताकद कमी करतो. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं.

दुसरी, इग्निशन कॉइल आणि पिकअप कॉइल. काही कॉइल गरम झाल्यावर काम सोडतात आणि थंड झाल्यावर पुन्हा चालतात. म्हणूनच गॅरेजला जाईपर्यंत गाडी ठीक होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. बंद पडलेल्या क्षणीच ठिणगी तपासली पाहिजे, तीही टेस्टर लावून. प्लग हातात धरून किक किंवा सेल्फ मारणं एफआयच्या गाडीत ईसीयूलाही महागात पडू शकतं.

तिसरी, टॅपेट. टॅपेट सैल झाले की टकटक आवाज येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण टॅपेट टाईट झाले तर आवाज उलट कमी होतो. मग गरम इंजिनमध्ये व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि आयडलिंग डळमळतं. ‘इंजिन एकदम शांत आहे’ ही दर वेळी चांगली बातमी नसते. टॅपेट इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायचे असतात.

लक्षण ५ : आरपीएम वाढतो, वेग वाढत नाही

हे लक्षण फसवं आहे. इथे इंजिन ताकद देतंय, पण ती चाकापर्यंत पोहोचत नाहीये. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर काटा पळतो आणि गाडी जागेवरच असते, म्हणजे क्लच घसरतोय.

प्लेट बदलण्याआधी दोन गोष्टी बघा. क्लचच्या लिव्हरला मॅन्युअलमध्ये दिलेला थोडा ढिलेपणा आहे का? आणि ऑईल कोणतं टाकलंय? बाईकचा क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ लिहिलेलं असावं. कारचं ऑईल टाकलं तर क्लच घसरू शकतो.

याउलट, गाडी ढकलताना जड जात असेल तर ब्रेक चिकटलाय किंवा चेन फार ताणली गेलीय. इंजिनचा त्यात काही दोष नाही.

प्लग काय सांगतो?

प्लग म्हणजे इंजिनची जीभ. रंग फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा इंजिन जास्त तापतंय. तेलकट ओला असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑईल येतंय, सोबत निळसर धूरही दिसतो.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पल्सर २२० ला दोन प्लग आहेत आणि २०१२ मध्ये आलेल्या पल्सर एनएस २०० ला तीन. त्यातला एक मेला तरी गाडी उरलेल्यांवर चालते. फक्त आयडलिंग किंचित खरबरीत होतं आणि ओढ कमी होते. म्हणून एक प्लग बघून थांबू नका, सगळे बघा.

ई-२० पेट्रोलमुळे होतंय का?

२०२५ पासून देशभरातल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या पद्धतीच्या दुचाकींचं मायलेज ई-२० मुळे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे थोडा फरक पडू शकतो, पण त्याने गाडी चढावर मान टाकत नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिनला पहिल्यांदा तेच मिळतं. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत हे घडू शकतं. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून काही वेळ ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करणं हाच उपाय. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि सीलही तेव्हाच बघून घ्या.

सगळ्यात मोठी चूक : आयडलचा स्क्रू पिळणं

गाडी बंद पडते, मग आरपीएम वाढवून दे, हा सगळ्यात सोपा उपाय. दोन मिनिटांत होतो आणि पैसेही लागत नाहीत.

पण याने आजार झाकला जातो. चोंदलेला जेट, फाटलेला पाईप किंवा टाईट टॅपेट तसाच राहतो. टाईट व्हॉल्व्ह तर हळूहळू जळत जातो आणि थोडक्यात होणारं काम हेड उघडण्यापर्यंत जातं. स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो, बाकी सगळं ठीक झाल्यावर आणि इंजिन गरम असताना.

क्रम असा ठेवा. आधी फुकटच्या गोष्टी, म्हणजे किल स्विच, साईड स्टँडचा स्विच, टाकीचं झाकण, निघालेले पाईप. मग स्वस्तातल्या, म्हणजे प्लग, एअर फिल्टर आणि बॅटरी. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिनला रेस दिल्यावर १३.५ ते १४.५. मग मोजमाप, म्हणजे टॅपेट, पेट्रोलचा दाब, कॉम्प्रेशन आणि एफआय असेल तर स्कॅनरवरचा कोड. महागडा पार्ट या सगळ्यानंतर.

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, फिल्टर आणि कॉइल एकत्र बदलले आणि गाडी ठीक झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या.

गाडीने घाटातच दम सोडला तर?

ओव्हरटेक सोडून द्या. रेस पिळत बसू नका, इंडिकेटर देऊन डाव्या कडेला या. वळणावर थांबू नका, मागच्याला लांबून दिसाल अशी सरळ जागा बघा. थांबल्यावर सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडून बघा, मग टेम्परेचरचा काटा. इंजिन थंड झाल्यावर सुरू झालं, तरी घाट पूर्ण करण्याच्या भरात पुन्हा ओव्हरटेक नको.

आणि ते कधी झालं, किती किलोमीटरनंतर झालं, काटा कुठे होता, हे तिथेच मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गॅरेजमध्ये ‘गाडी ओढत नाही’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक अंदाज लावणार. ‘गरम झाल्यावर, चढावर, पाच हजार आरपीएमच्या पुढे मिसिंग मारते आणि दहा मिनिटं थांबल्यावर ठीक होते’ असं सांगितलं, तर तो सरळ कॉइलपासून सुरुवात करेल.